विहिरीचें ऋण

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या पूर्वजांनीं उभारलेल्या मंदिराचें गुणगान पुष्कळ झालें. मला त्यांनीं खणलेल्या विहिरींविषयीं व बावखलांविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. कारण मंदिराची आपण डागडुजी केली, बावखलें मात्र बुजविलीं.

आपली वसई समुद्रकांठची, वाळूमिश्रित जमिनीची. पावसाळ्यांत बावखल तुडुंब भरे, तेंच पाणी हळूहळू जमिनींत मुरून शेजारच्या विहिरीस मिळे, आणि रहाटाच्या त्या पाण्यावर आपल्या केळी व पानवेली पोसल्या जात.

ह्यामागील सृष्टिनियम ध्यानांत घ्यावा. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें तें जमिनीखालीं त्यावर तरंगतें. वालुकामय किनाऱ्यावर गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ फूट उंच असेल, तर समुद्रपातळीखालीं सुमारें ४० फुटांपर्यंत गोडें पाणी राहूं शकतें. उपशानें ती पातळी १ फूट उतरली, कीं कालांतरानें खारें पाणी तितकेंच, म्हणजे सुमारें ४० फूट, वर चढतें. एकदां खारावलेली विहीर एका पावसाळ्यानें गोडी होत नाहीं.

गेल्या शतकाच्या अखेरीस येथें इमारती झपाट्यानें उठल्या. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. नव्या वस्तीची तहान टँकरांनीं भागविली, आणि ते टँकर आपल्या विहिरींवर भरले. त्या उपशाविरुद्ध दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समिति ह्यांनीं आवाज उठविला. पुढें सूर्या नदीचें पाणी नळांनीं आलें, तरी पंप व कूपनलिका थांबल्या नाहींत. नव्या रहिवाशांस मी दोष देत नाहीं. तहानलेल्यास पाणी देणें हें पुण्यच होय. परंतु तें विकणारे हात आपलेच होते.

दोष सांगावयाचा तर प्रथम माझाच सांगतों. सभागृहाच्या बांधकामाचा राडारोडा मागील बावखलांत टाकण्यास मीं संमति दिली. डास होतात, असें कारण मीं पुढें केलें. खरें पाहतां मला गाड्या उभ्या करण्यास जागा हवी होती. तिसऱ्या उन्हाळ्यांत आवारांतील विहिरीचें पाणी मचूळ लागलें. तेंच एकमेव कारण, असें मी म्हणत नाहीं. परंतु जिच्या पाण्यानें आपल्यापैकीं पुष्कळांचा बाप्तिस्मा झाला, ती विहीर माझ्या डोळ्यांदेखत बिघडली.

म्हणून ज्युबिलीचें स्मारक संगमरवरी फलकाचें नको. तें बावखल आपण पुन्हा मोकळें करूं. १०० चौरस मीटर छपरावर २००० मिलिमीटर पाऊस पडला, तर २ लाख लिटर पाणी होतें. आपल्या मंदिराचें छप्पर त्याहून पुष्कळ मोठें आहे. तें पाणी गाळून बावखलांत सोडूं. शिवाय प्रत्येक घरानें तीन नेम पाळावे: बावखल बुजवूं नये, विहिरीचें पाणी विकूं नये, आणि पाणी मचूळ लागतांच पंप बंद ठेवावा.

याकोबाच्या विहिरीपाशीं कित्येक शतकांनंतर प्रभु येशूनें एका परक्या स्त्रीजवळ पाणी मागितलें, आणि त्या वेळींही ती विहीर आटलेली नव्हती. उद्यां आपल्या नातवंडांनीं पाणी मागितलें, तर आपल्या विहिरींत त्यांच्यासाठीं गोडें पाणी असेल काय? ह्याचें उत्तर येत्या पावसाळ्यापूर्वीं आपणांस कुदळ-फावड्यानें द्यावयाचें आहे.