सभासदांचं रजिस्टर



क्रीडा संघटकांच्या संमेलनात अध्यक्षानं तीन गोष्टींवर बोलायचं, असा आपल्याकडे दंडक आहे: सरकारी अनुदान, मैदानांवरची अतिक्रमणं आणि तरुणांची अनास्था. मी कित्येक वर्षं समोरच्या खुर्च्यांत बसून हे ऐकलंय आणि तिसऱ्या मुद्द्याला माझा हमखास डोळा लागलाय. म्हणून आज फक्त एका माणसाबद्दल बोलतो. सिडनीचे जॉर्ज पिगिन्स. एकाच क्लबचे आधी खेळाडू, मग प्रशिक्षक, मग अध्यक्ष.

त्यांचा खेळ रग्बी लीग. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी मूळ रग्बीपासून फारकत घेतली, ती पैशावरून. खाणीत आणि गिरणीत राबणारा खेळाडू शनिवारी सामन्याला गेला की त्याचा रोज बुडायचा. तो भरून द्यावा एवढीच मागणी होती, ती मान्य झाली नाही आणि वेगळी चूल मांडली गेली. पुढं या लीगनं संघ १३ जणांचा केला. ऑस्ट्रेलियात ती १९०८ मध्ये सुरू झाली आणि पहिलंच विजेतेपद पटकावलं साउथ सिडनीनं. क्लबचं घर असलेलं रेडफर्न ही तेव्हा कामकऱ्यांची वस्ती होती, मूळनिवासींचंही मोठं ठाणं. क्लबचं टोपणनाव रॅबिटोज, म्हणजे दारोदार ससे विकणारे. हिणवण्यासाठी चिकटलं असं सांगतात, ते नाव त्यांनी अभिमानानं छातीवर मिरवलं.

पिगिन्स याच क्लबचे हुकर. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करतात ती झुंज. त्यात हुकर पहिल्या रांगेच्या मधोमध असायचा. दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यावर अडकलेले, मान समोरच्यांच्या खांद्यात रुतलेली, मागून गड्यांचा रेटा, आणि अशा अवस्थेत पायानं चेंडू ओढून मागं सारायचा. प्रेक्षकाला यातलं काही दिसायचं नाही. पिगिन्सच्या वाट्याला तर बरीच वर्षं हेही पुरतं आलं नाही, कारण पुढं एल्विन वॉल्टर्स हा देशाचा हुकर उभा होता. १९७१ च्या विजेत्या संघात ते होते, पण जागा पक्की झाली ती वॉल्टर्स क्लब सोडून गेल्यावर. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळले. मॅनलीच्या माल्कम रायलीशी मैदानात झालेली त्यांची हाणामारी सिडनीकर अजून रंगवून सांगतात. ती मी सोडून देतो, व्यासपीठावर शिक्षक मंडळी बसली आहेत.

प्रशिक्षक म्हणून १९८९ मध्ये त्यांचा संघ साखळीत पहिला आला. १९९० मध्ये शेवटचा. मला ही दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतं. ज्यानं वर्षभराच्या अंतरानं शिखर आणि तळ दोन्ही पाहिलं, त्याच्याकडे अध्यक्षपद आलं.

आणि मग खरी लढाई. १९९५ पासून प्रक्षेपणाच्या हक्कांवरून या खेळात दोन तट पडले. १९९७ मध्ये दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या. पुढं समेट झाला, पण त्याची अट अशी की २००० पर्यंत फक्त १४ संघ उरतील. बऱ्याच जुन्या क्लबांनी नाइलाजानं शेजाऱ्याशी लग्न लावलं. पिगिन्स विलीनीकरणाला तयार झाले नाहीत. ऑक्टोबर १९९९ मध्ये साउथ सिडनीला स्पर्धेबाहेर काढलं. क्लब कोर्टात गेला आणि पहिल्या न्यायालयात हरला. त्यानंतर नोव्हेंबर २००० मध्ये मोर्चा निघाला. सुमारे ८०,००० माणसं, असा तेव्हाचा आकडा. ज्यांचा संघच मैदानात नव्हता, त्यांनी लाल-हिरवे झेंडे घेऊन शहर अडवलं.

कोर्टातला मुद्दा बारीक होता. '१४ संघच' या कलमामागं विशिष्ट क्लबांना वगळण्याचा हेतू होता का? जुलै २००१ मध्ये अपिलात दोन विरुद्ध एक असा निकाल क्लबच्या बाजूनं लागला आणि २००२ मध्ये संघ परतला. गंमत पुढं आहे. २००३ मध्ये सर्वोच्च पातळीवर तो निकाल फिरला. म्हणजे कायद्याच्या हिशेबात पिगिन्स हरले. पण तोवर संघ दोन हंगाम खेळत होता, त्याला पुन्हा हाकलण्याची छाती कुणाची झाली नाही.

इथंच मी थांबलो असतो तर पिगिन्सची पोथी झाली असती. पण क्लब परतला तो तळातच रखडला, तिजोरीही रिकामी. २००६ मध्ये नट रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांनी ३० लाख डॉलर्सना क्लबचा ७५ टक्के हिस्सा मागितला. पिगिन्सनी कडाडून विरोध केला. निर्णय सभासदांच्या मतावर. ७५ टक्के मतं लागत होती, पडली ७५.८. ज्यांच्या हक्कासाठी पिगिन्स लढले, त्याच सभासदांनी त्यांना हरवलं, आणि तेही रीतसर. ते क्लबपासून दूर झाले. २०१४ मध्ये साउथ सिडनीनं अंतिम सामन्यात कँटरबरीला ३०-६ असं हरवलं. ४३ वर्षांनी विजेतेपद, नव्या मालकांच्या काळात.

पिगिन्स चुकले का? मला वाटतं, २००६ मध्ये चुकले. १९९९ मध्ये त्यांच्यासारखा हट्टी माणूस नसता तर २००६ मध्ये विकायला क्लबच उरला नसता, हेही तितकंच खरं. एकाच माणसात दोन स्वभाव कुठून आणायचे?

पिगिन्सच्या पाठीशी खरेखुरे सभासद होते. आपलं काय? मी स्वतः एका मंडळाचा चिटणीस होतो. पहिल्याच आठवड्यात सभासदांचं रजिस्टर उघडलं, तर निम्मी नावं वैकुंठाला गेलेल्यांची. वर्गणी मात्र दरसाल जमा! ती कोण भरत होतं आणि निवडणुकीत त्यांच्या नावानं हात कोण वर करत होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्यावर १९९९ सारखी वेळ आली असती तर मोर्चात कोण चाललं असतं?

चहानंतर घटनेतल्या तीन चतुर्थांश बहुमताच्या कलमावर चर्चा आहे. ज्यांनी आपापली रजिस्टरं आणली आहेत, त्यांनी ती कार्यालयात ठेवू नयेत. मांडीवर घेऊन बसावं.