आनंदीबाईंची मावशी



वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य हा विषय केडगावात कशासाठी, असे कोणी विचारील. पण ज्या पंडिता रमाबाईंनी पुढे आपल्या गावी मुक्ती सदन उभारले, त्या १८८६ साली इंग्लंडहून समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या, त्या एका विद्यार्थिनीच्या पदवीदानासाठी. ११ मार्च रोजी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा समोर आपले एक माणूस होते. त्याचे मोल परमुलखी शिकलेल्यांनाच कळावे.

आनंदीबाई १८८३ साली पतीविना अमेरिकेस गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेलेले. तिकडे थंडी सोसेना, आणि गोपाळरावांची पत्रे पुष्कळदा बोचरी. मग त्या टिकल्या कशा? जिद्दीवर, असे आपण चटकन म्हणतो. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असता एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि या अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे तिला स्वतःच्या घरी उतरवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. देह मात्र थकला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, आणि रक्षा गेली ती या मावशीकडे.

आज मुले घराजवळ शिकतात. तरी २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने विचारणा केली तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपणांस मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांना आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम नको आणि एक दिवस सुट्टी हवी, अशीही शिफारस झाली. ती अमलात आणणे सरकारचे काम.

आपले काय? आपण फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "पेपर कसा गेला?" जेवलास का, झोपलास का, हे मागाहून, कधी राहूनच जाते. नापास झालेले पोर सुट्टीत घरी येण्याचे टाळते, ते अभ्यासासाठी नव्हे. केडगावहून पुण्यास रेल्वे आहे. डबा घेऊन वसतिगृहावर एकदा जाऊन यावे, आणि गुणांचा विषय काढू नये. पोर फार गप्प झाले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यास लाजू नये. सरकारचा टेलिमानस दूरध्वनी १४४१६ रात्रीअपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. तो घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावा.