अभ्यासगट : मेंढा गावाची शाळा



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या वाटचालीचा लेखाजोखा मांडला जात आहे. अशा वेळी, वर्गाच्या भिंतींबाहेर शिक्षणाची स्वतंत्र रीत घडवणाऱ्या एका गावाची ओळख करून देणे अप्रस्तुत ठरू नये. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा हे सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे ते मेंढा-लेखा या नावाने ओळखले जाते.

गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध या भागातील आदिवासी एकवटले. जंगल बुडाले तर जगणेही बुडेल, हे त्यांना उमगले होते. त्या मंथनातून स्वशासनाचा विचार रुजला. गावचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ जुळली आणि दोन व्यवस्था आकाराला आल्या : निर्णयासाठी ग्रामसभा आणि ज्ञानासाठी अभ्यासगट.

या दोहोंतील भेद मननीय आहे. अभ्यासगटात निर्णय होत नाही. ज्याला एखादा विषय समजून घ्यावासा वाटतो तो येतो, बाहेरच्या जाणकारालाही बोलावले जाते, शंका निघतात, वाद होतात. जिंकायचे किंवा हरायचे काही नसल्यामुळे प्रश्न विचारण्याची भीती उरत नाही. पुढे तोच विषय ग्रामसभेत येतो. तेथे बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो आणि चर्चा पुढे चालू राहते.

हे शिक्षण पुस्तकी राहिले नाही. मध काढताना पोळे जाळण्याची प्रथा होती. मधमाश्यांचा अभ्यास झाल्यावर पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून बाकीचे राखण्याची रीत स्वीकारली गेली. वनहक्क कायदा 2006 साली संमत झाला. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत मानते. 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याची गणना वृक्षांत केली होती. वनहक्क कायद्याने तर बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले होते. कायद्याचे कलम हाती घेऊन गाव ठाम राहिले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे 2013 साली गावाने आपली शेतजमीनही ग्रामदानात देण्याचा ठराव एकमताने केला. कोणाच्या अडचणीचा फायदा घेऊन जमीन गावाबाहेर जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

ही वाट सोपी नाही. सर्वसहमतीला वेळ लागतो, संयम लागतो. परीक्षा, पदवी आणि नोकरी यांची गरज मेंढ्याच्या मुलांनाही आहेच. म्हणून पालकांच्या मनातील चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु पदवीधर झालेल्या मुलाला आपल्या गावातले पाणी कोठून येते, आपल्या हक्काचा कायदा काय सांगतो, हे ठाऊक नसेल, तर त्याच्या शिक्षणातील एक मोठा धडा राहून गेला असेच म्हणावे लागेल.

मेंढ्याच्या लोकांची बोली गोंडी, सरकारी कागद मराठी किंवा इंग्रजी. परक्या भाषेतला कायदा आपल्या बोलीत उलगडला, तेव्हाच तो त्यांचा झाला. रायपूरसारख्या हिंदी आणि छत्तीसगढी भाषिक शहरात मराठी शाळा कशासाठी, असा प्रश्न वरचेवर विचारला जातो. त्याचे एक उत्तर येथे सापडते. ज्या भाषेत मूल घरी न संकोचता ‘का?’ म्हणते, त्या भाषेत विचाराला प्रारंभ झाला की पुढे कोणत्याही भाषेतला कागद त्याला भिववीत नाही.

छत्तीसगडमध्येही धमतरी जिल्ह्यातील जबर्रा या गावाला 2019 साली सामूहिक वनहक्क मिळाला आहे. शहराला वन नसले तरी अभ्यासाचे विषय आहेत. रायपूर हे तळ्यांचे शहर. बुढा तालाब त्याच्या मध्यावर आहे आणि नळाला खारून नदीचे पाणी येते. तळी का आटतात, त्यांत काय मिसळते, त्यांची राखण कोणी करायची?

महोत्सवाच्या वर्षात शाळेत असा एक अभ्यासगट सुरू व्हावा. माजी विद्यार्थ्यांतील अभियंते, वकील, शेतकरी आणि डॉक्टर, पालकांतील आजी-आजोबा आणि वर्गातील मुले महिन्यातून एकदा एकत्र बसतील, निर्णयाची घाई न करता एकच प्रश्न समजून घेतील. पहिला विषय घराजवळच्या तळ्याचा असावा. त्यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. केवळ वेळ आणि ऐकून घेण्याची तयारी लागते. ती या शाळेच्या परिवारात आहे, हा विश्वास बाळगायला पुरेसे कारण आहे.