रानवाटेवरची पेन्शनर मंडळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘परदेशातील अनुभव’ असा विषय दिला होता. परंतु तिकडच्या इमारती आणि दुकाने यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. माझा मुलगा सिडनीला असतो, त्यामुळे दोन वेळा सहा-सहा महिने माझा तेथे मुक्काम झाला. त्यातले जे एक आपल्या मंडळात आणावे असे मला वाटले, तेवढेच आज सांगते.

ऑस्ट्रेलियात रानाला ‘बुश’ म्हणतात आणि रानातून पायी हिंडण्याला ‘बुशवॉकिंग’. तरुण मंडळी शनिवार-रविवारी जातात. निवृत्तांचे गट मात्र बुधवारी किंवा गुरुवारी निघतात, कारण त्या दिवशी गाडीला गर्दी नसते आणि वाटाही मोकळ्या असतात. सूनबाईच्या शेजारणीने मला अशाच एका गटात नेले. वीस-बावीस माणसे, सगळी साठीच्या पुढची. दोघी तर ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या. आगगाडीने ब्लू माउंटन्समधल्या एखाद्या स्टेशनावर उतरायचे आणि तेथूनच चालू लागायचे. सगळीकडे निलगिरीची झाडे. ऑगस्टात आपल्या बाभळीच्या गोतातली ‘वॉटल’ नावाची झाडे पिवळ्याधमक फुलांनी भरून जातात, तेव्हा घरची आठवण होते.

ही हौस तिकडे जुनी आहे. मेलबर्नमध्ये पायी हिंडणाऱ्यांचा क्लब १८९४ पासून होता, पण तो पुरुषांचा. तेव्हा १९२२ साली तेथील स्त्रियांनी आपला निराळा क्लब काढला, आणि तो आजही चालू आहे! सिडनीतला १९२७ चा क्लब पहिल्यापासून स्त्री-पुरुष दोघांचा. त्यात मारी बाइल्स नावाच्या बाई होत्या. न्यू साउथ वेल्समध्ये वकिली करणाऱ्या या पहिल्या स्त्री सॉलिसिटर, आणि रान राखण्यासाठी झटणाऱ्या. पुढे पायांच्या दुखण्याने त्यांचे लांबचे चालणे थांबले. त्या बौद्ध विचाराकडे वळल्या, हिंदुस्थानात येऊन गेल्या, आणि सिडनीतल्या आपल्या घराला त्यांनी ‘अहिंसा’ असे नाव दिले. १९३१ च्या ईस्टरात एका दरीतली उंच निलगिरी तोडून तेथे अक्रोड लावण्याचा बेत या चालणाऱ्यांच्या कानी आला. मंदीचे दिवस असूनही त्यांनी वर्गणी आणि उसनवारी करून १३० पौंड उभे केले, तो हक्क सोडवून घेतला आणि १९३२ साली ते रान राखीव करून घेतले. ती झाडे आजही आहेत.

असो. इतिहास पुरे. मला मुख्यतः सांगायचे आहे ते निराळेच.

आपल्यापैकी किती जणींनी टेकडी सोडली, ते मनाशी मोजा. गुडघ्यांमुळे सोडली असे आपण सांगतो, आणि काहींच्या बाबतीत ते खरेही आहे. पण माझा अंदाज असा की पुष्कळ जणींनी संकोचामुळे सोडली. ‘माझ्यामुळे इतरांचा खोळंबा नको’ हे वाक्य मी या सभागृहातच किती वेळा ऐकले आहे! मुलगा सुनेला म्हणतो, आईला घरीच राहू दे; आणि आई म्हणते, हो रे, तुम्ही जाऊन या. तेथून पुढे चार भिंती.

त्या गटाने या खोळंब्याच्या भीतीचीच व्यवस्था लावली आहे. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला म्होरक्या असतो. त्याच्या मागोमाग सर्वांत हळू चालणाऱ्याला घेतात, म्हणजे चाल आपोआप त्याच्या पायांची होते. सर्वांत शेवटी एक जण ठरलेला असतो आणि त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. निघताना डोकी मोजायची. जेथे वाट फुटते तेथे शेवटचा माणूस येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचे. आणि तो आला की लगेच निघायचे नाही, कारण मग विसावा काय तो इतरांनाच मिळतो! ही शेवटची गोष्ट किती बारीक, पण मागे राहणाऱ्यालाच तिचे मोल कळते. कोणाला आडोशाला जायचे असेल तर पाठीवरची पिशवी वाटेच्या कडेला ठेवून जायचे. शेवटचा माणूस ती पाहून थांबतो.

सहलीचे पत्रक आधी येते. किती किलोमीटर, चढ किती, पायऱ्या किती, मधूनच परत फिरता येईल का, आणि स्वच्छतागृह कोठे, हे सगळे त्यात असते. हे शेवटचे कलम आपल्याकडच्या किती सहलींत छापलेले असते? तिकडे वाटांना सोप्यापासून अवघडापर्यंत पाच प्रती लावतात. ब्लू माउंटन्समध्ये गावे वर आणि दऱ्या खाली, म्हणून आधी उतार आणि दमल्यावर चढ. आपल्या सिंहगडाच्या बरोबर उलट. कटुंब्याच्या एका जिन्याला तर ८०० हून अधिक पायऱ्या आहेत. म्होरक्या तोंडावर सांगतो, ‘ही वाट तुमच्यासाठी नाही, पुढच्या बुधवारची घ्या.’ मला पहिल्यांदा ते रुक्ष वाटले. आता वाटते, दरीत उतरवून मग हळहळण्यापेक्षा ते बरे.

औषधांची नावे आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद प्रत्येकाच्या पिशवीत ठरलेल्या कप्प्यात असतो. वणव्याचा धोका जाहीर झाला की सहल रद्द. पावसानंतर जळवा लागतात, त्यांची मात्र कोणी फिकीर करीत नाही. तिकडचे लोक बोलायला जरा तुटक. डबा वाटून खाण्याची रीत नाही, ज्याचे त्याने खावे. मी नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांनी ती रीत थोडी मोडली, एवढे अभिमानाने सांगते.

एकदा धबधबा अर्ध्या तासावर राहिला असताना एका पंचाहत्तरीच्या गृहस्थांना घेरी आली. पाणी पाजले, सावलीत बसवले. बरे वाटल्यावर ते म्हणाले, तुम्ही पुढे जा, मी येथे थांबतो. म्होरकीने मान हलवली आणि सगळा गट मागे फिरला. कोणी सुस्कारा टाकला नाही, की त्यांना उगाच धीरही दिला नाही. परतीच्या वाटेवर गप्पा बटाट्याच्या भावाच्या चालल्या होत्या. पुढच्या बुधवारी ते गृहस्थ हजर होते. सुस्कारे निघाले असते, तर ते आले असते काय?

मंडळापुढे माझी सूचना अशी की महिन्यातून एका बुधवारी सकाळी साडेसहाला आपणही निघावे. पहिली सहल तळजाईची ठेवू. वाट बरीचशी सपाट आहे, झाडी आहे, आणि दमल्यास रिक्षा मिळेल इतके गाव जवळ. काठी आणणाऱ्यांनी काठी आणावी, लाजू नये. औषधांच्या चिठ्ठ्यांचा नमुना मी लिहून चिटणीसबाईंकडे दिला आहे. नावेही त्यांच्याकडेच द्यावीत. शेवटून चालणारी म्हणून माझे नाव वहीत घातले आहे. पुढे चालणारी अजून हवी आहे.