उतारावरची मिलिटरी गाडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो असा : "तुम्ही त्या अपघातातून कसे वाचलात ते सांगा." यावर तासभर बोलता येईल असे मला प्रथम वाटले नाही, कारण या प्रश्नाचे उत्तर गावाने केव्हाच ठरवून टाकले आहे. देवमोगरा मातेने तारले, असे आमच्या घरची माणसे म्हणतात. नशीब बलवत्तर, असे शेजारी म्हणतात. मातेची कृपा मी नाकारीत नाही. परंतु ज्याने पुढची चाळीस वर्षे मोटारींच्या पोटाखाली पाठीवर पडून काढली, त्याला एवढ्यावर थांबता येत नाही. गाडी सुटली ती एका ठराविक वस्तूमुळे सुटली आणि थांबली ती चारदोन ठराविक वस्तूंमुळे थांबली. त्या वस्तूंची नावे घेऊन बोलावे, एवढाच माझा बेत आहे.

प्रथम ही गाडी आली कोठून ते पाहू. आपले खापर हे रस्त्याचे गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावाला लागून जातो; पश्चिमेला सागबारा, डेडियापाडा, पूर्वेला अक्कलकुवा, तळोदा. उत्तरेला सातपुडा. डोंगरातला माल खाली यावयाचा आणि मीठ, कापड, पत्रे वर जावयाचे, तर चढाला दबणार नाही अशी गाडी लागते. अशी गाडी लष्कराने वापरून टाकलेली असे. दुसऱ्या महायुद्धात एकट्या कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी गाड्या बांधल्या, अमेरिकेच्या जी. एम. सी. कंपनीचा अडीच टनी ट्रक पाच लाखांवर निघाला. यांतल्या कितीतरी गाड्या आसामातून ब्रह्मदेशाकडे, लेडोच्या रस्त्यावर झिजल्या. युद्ध संपल्यावर सरकारने शिल्लक माल विकावयास काढला आणि "डिस्पोजलची गाडी" हा शब्द आपल्या बोलीत कायमचा येऊन बसला. पुढे १९५९ साली जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने "शक्तिमान" तयार होऊ लागली. तीही सैन्यातून निवृत्त झाली की लिलावात येई. निवृत्त सैनिकाप्रमाणे निवृत्त गाडीलाही पुन्हा नोकरी धरावी लागते. फरक एवढाच, की गाडीची प्रकृती कोणी तपासून घेत नाही.

या गाड्या वाईट नव्हत्या. त्यांची पोलादी चौकट आजच्या कित्येक गाड्यांना लाजवील अशी असे. पण लष्करात त्यांच्यामागे एक वर्कशॉप असते, सुटे भाग असतात, ठराविक मैलांनंतर अमुक रबर बदलायचे अशी वही असते. लिलावात गाडी मिळते, वही मिळत नाही.

आता ब्रेकची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो, कारण सगळे मर्म येथे आहे. पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगून ठेवले की, कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो. तेलाचा ब्रेक म्हणजे हेच तत्त्व. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल बारीक नळीतून चाकांपर्यंत जाते. तेथले छोटे दट्टे ब्रेकचे बूट बाहेर ढकलतात आणि ते फिरत्या ड्रमला आतून घासतात. दट्ट्याच्या तोंडाशी रबराची एक वाटी असते. तेवढ्या वाटीवर सारी गाडी टांगलेली. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एका चाकाची नळी फुटली तरी उरलेल्या तिन्ही चाकांचे तेल त्याच भोकातून निघून जाई. घरातल्या एका खोलीचा दिवा गेला म्हणून साऱ्या गावात अंधार व्हावा, तसा हा प्रकार. शिवाय आपल्याकडे ब्रेकचे तेल संपले की हाताशी असेल ते तेल ओतण्याची चाल होती. इंजिनाचे खनिज तेल रबराला लागले की रबर फुगते, मऊ होते आणि वाटी आपली जागा धरीत नाही.

आणि घाट म्हणजे काय? पाच टनांची गाडी शंभर मीटर उंचीवरून खाली उतरते, तेव्हा तिच्या वजनात साठलेली शक्ती कोठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकनेच जिरवायची म्हटले तर जी उष्णता निघते, तिच्यावर सुमारे पंधरा लिटर पाणी उकळीला येईल. ही चूल चार ड्रमांत पेटते. म्हणून जाणता चालक ब्रेकवर उतरत नाही, गिअरवर उतरतो. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने खाली येतो आणि इंजिनालाच ओढ धरावयास लावतो. पेट्रोल वाचावे म्हणून जो न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो, त्याने हिशेब करून पाहावा. वीस मीटर उंचीचा उतार मोकळ्या गाडीने घेतला, तर घर्षण सोडून तळाशी वेग ताशी सत्तर किलोमीटर होतो. घाटातल्या वळणाला तो वेग परवडत नाही.

हे सारे मी पुढे शिकलो. १९८१ सालच्या मे महिन्यात मात्र मी विशीतला पोरगा होतो आणि मोलगीहून खाली येणाऱ्या अशाच एका जुन्या गाडीत मागे बसलो होतो. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. गाडीत आमचूर आणि मोहाची फुले यांची पोती, आणि पोत्यांवर आम्ही एकोणीस जण. भाडे दिले होते, तिकीट अर्थातच नव्हते. गाडीच्या मालकाचे नाव मी घेणार नाही.

देवगोई घाटात डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. तिसऱ्या की चौथ्या वळणाआधी "उस्ताद, तेल गेलं!" असे क्लीनर ओरडला. चालकाने पेडल दाबले ते थेट फळीला टेकले. त्याने दोनतीनदा पंप करून पाहिले. नळीत हवा असती तर थोडा जोर आला असता, पण नळीच फुटलेली. मग त्याने हँडब्रेक ओढला. अशा पुष्कळ गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागच्या फिरत्या दांड्यावर असतो. उभ्या गाडीला धरून ठेवण्यापुरता तो चांगला, पण धावत्या गाडीला तो किती वेळ धरणार? जळक्या वासाचा लोट आम्हांला मागे आला. आणखी एक गोष्ट या गाडीला तारू शकली असती. लष्करी गाडीला पुढच्या चाकांनाही जोर देणारा आणि वेग निम्म्याने उतरवणारा एक जादा गिअर असतो. मालकाने तेल फार खाते म्हणून तो जोड आधीच काढून विकला होता.

चालकाने जे केले ते मात्र मी जन्मभर विसरणार नाही, आणि ते नशिबाच्या खात्यावर कोणी मांडू नये. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. ती त्याने सोडली नाही. पहिल्या गिअरचा मोह भल्याभल्यांना होतो. पण त्या जुन्या गिअरबॉक्समध्ये भरधाव उतारावर पहिला पडला नाही, तर मधल्यामध्ये न्यूट्रल राहतो आणि हाती असलेला दुसराही जातो. तो उडी मारून सुटू शकला असता. दार त्याच्याच हाताशी होते. त्याऐवजी त्याने गाडी डावीकडे घेतली आणि डावी चाके डोंगरालगतच्या गटारात उतरवली. गाडीचे अंग कातळाला घासू लागले. पुढे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग होता. गाडीचे तोंड त्या ढिगात घुसले, ती थांबली आणि सावकाश डाव्या कुशीवर आडवी झाली. डोंगराळ देशांत सुटलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला मुद्दाम खडीची पट्टी करून ठेवतात, तीत चाके रुततात आणि गाडी थांबते. आमच्यासाठी ती कोणी केलेली नव्हती, काम अर्धे पडले होते म्हणून ती तेथे होती.

पोत्यांनीही दोन्ही कामे केली. जे पोत्यांवर मागे होते ते पोत्यांवरच कलंडले आणि खरचटण्यावर सुटले. जे केबिनला पाठ लावून पुढे बसले होते त्यांच्यावर तीच पोती सरकली. आम्ही सारे जिवंत राहिलो. पण पुढे बसलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाचा पाय मांडीपासून चेचला गेला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाली २०१४ साली. त्या दिवशी त्याला उपचारापर्यंत नेण्यास संध्याकाळ झाली. पाय वाचला नाही.

मृत्यूच्या जवळून परतलेला माणूस त्यात अर्थ शोधतो, हे मी समजू शकतो. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात ट्रक चालवीत. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या बाजूला सभोवतालचे सहकारी गेले आणि आपण उरलो, या अनुभवातून आयुष्याला दिशा मिळाली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ज्याला तशी दिशा मिळाली तो भाग्यवान. मला दिशा मिळाली ती गाडीच्या खाली जाऊन पाहण्याची. चाके वर झाली होती म्हणून ते सोपेही होते. मागच्या आसाजवळ तेलाची नळी पाट्याच्या कडेला घासत होती. घासून घासून तेथे धातू कागदासारखा झाला होता आणि शेवटी चिरला. क्लीनरने मला सांगितले की, पंधरा दिवस तो रोज सकाळी तेल ओतीत होता. तेल कोठे जाते, हा प्रश्न त्याने विचारला होता. त्याला उत्तर मिळाले ते असे, की डबा गाडीतच ठेवीत जा.

मग माणसे अशा गाडीत बसत का? कारण दुसरी गाडी नव्हती. १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्यास पहिली एस. टी. धावली आणि या राज्याचे रूप पालटले, हे खरेच. पण डोंगरातल्या पाड्यावरच्या माणसाला बाजाराच्या दिवशी पोते घेऊन जी गाडी उभी राहील तीच त्याची एस. टी. आजही सातपुड्यात जीपच्या टपावर आणि पिकअपच्या हौद्यात माणसे दिसतात. त्यांना अडाणी म्हणणे फार सोपे आहे.

कायदा मालगाडीत माणसे बसवू देत नाही, आणि तो योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजू ऐका. २००२ साली आशा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाही. मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे पोते तुमचे आहे की नाही यावर तुमच्या पायाची किंमत ठरते. ज्याच्याजवळ पोतेही नाही, त्याने गाडीमालकाच्या मागे लागावे. आणि अशा मालकाकडून काय वसूल होते, ते येथे बसलेल्या वकीलमंडळींना ठाऊक आहे.

गाड्या सुधारल्या, हे मी आनंदाने सांगतो. आता तेलाचे मार्ग दोन असतात; एक गेला तरी दुसरा अर्धा ब्रेक देतो. मोठ्या ट्रकांच्या हवेच्या ब्रेकमध्ये तर हवा गेली की आतली स्प्रिंग सुटते आणि मागचा ब्रेक आपोआप लागतो. बिघाड होणारच असे गृहीत धरून ही रचना केलेली आहे, आणि मला तीत मोठे शहाणपण दिसते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालवायची नाही असाही नियम झाला. लष्कराच्या खास कामाच्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. पण नळी पाट्याला घासते की नाही हे नियमाला दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी खाली वाकावे लागते.

त्या अपघाताचा गुन्हा दाखल झाला तो चालकावर. ज्याने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, त्याच्या नावावर हयगयीने गाडी चालवल्याचा आरोप आला आणि तारखांना जाता जाता त्याची चार वर्षे गेली. मुलाच्या बापाने दावा लावला नाही. त्याला तो लावता येतो हेच कोणी सांगितले नव्हते. गाडी मात्र तिसऱ्या आठवड्यात उभी राहिली. डावी बाजू ठोकून सरळ केली होती, हिरवा रंग जाऊन निळा आला होता, आणि ती पुन्हा मोलगीच्या रस्त्याला लागली. आपल्या खापरच्या नाक्यावर ती थांबली असता मी मागच्या चाकाजवळ वाकून पाहिले. नळी नवी होती. पाट्याच्या कडेला ती तशीच टेकलेली होती.