पत्त्यांचा पंखा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी कोणी एखादी पाककृती सांगते, कोणी भरतकाम दाखवते. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी "पत्ते" म्हटले, तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. त्यांचे बरोबरच होते. आपल्या घरांतून पत्त्यांना फारसा मान नाही. आमच्या माहेरी तर तो शब्द उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. त्याचे कारण आधी सांगते.

माझे वडील स्वभावाने गरीब, पण तीनपत्तीपुढे त्यांचे काही चालत नसे. एका दिवाळीत आईच्या दोन्ही पाटल्या त्या डावात गेल्या. आईने आकांत केला नाही. तिने घरातला पत्त्यांचा कॅट उचलून चुलीत घातला आणि एवढेच म्हणाली, "ह्या घरात पुन्हा पान दिसायचे नाही." ते दिसलेही नाही. आम्ही भावंडे सुटीत सागरगोटे खेळलो. 'भिकार सावकार'सुद्धा मी सासरी आल्यावर पाहिला. आई आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि गेली सोळा वर्षे माझ्याकडेच असते. पुढचे ऐकताना हे ध्यानात असू द्या.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मोरीत माझा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाले तेव्हा हात माझा मलाच ओळखू येईना. अंगठा आखडलेला, बोटे लाकडासारखी. लाटणे फिरेना, कुलूप उघडेना आणि रोज आईची वेणी घालायचे माझे काम, तेही होईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला होता. तो दाबून दाबून मी कंटाळले.

अशात नातू सुटीला आला. त्याच्या खिशात पत्ते. एका हाताने त्याने कॅट धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवला आणि बावन्न पाने मोराच्या पिसाऱ्यासारखी उलगडली. मी पाहतच राहिले. तो म्हणाला, "आजी, हे तू कर. ह्यात सगळे काम अंगठ्याचेच आहे." व्यायामाच्या बाईंना विचारले, त्या म्हणाल्या, "करा, पण दुखले की थांबा." आईला मात्र विचारले नाही. दुपारी ती निजली की मी दार लोटून घेऊ लागले.

आता कृती सांगते. कॅट डाव्या हातात उभा धरायचा, पानांची चित्रे आपल्याकडे. डावा अंगठा पुढून, पानाच्या खालच्या टोकाशी. बाकीची बोटे मागून. हा झाला पंख्याचा खिळा. तो जागचा हलता कामा नये. मग उजव्या हाताचा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्याशी कडेवर टेकवायचा आणि डावीकडून उजवीकडे, अर्धे वर्तुळ काढावे तसा, एकाच लयीत फिरवायचा. पाने ओढायची नाहीत. अंगठ्याने नुसती वाट दाखवायची.

सांगायला सोपे आहे. पहिले आठ दिवस माझी पाने जमिनीवरच होती. शेवटी पलंगावर गोधडी पसरून तिच्यावर बसले. निदान वाकून वेचणे तरी वाचले. माझी चूक अशी की पाने पडतील ह्या भीतीने मी डाव्या हाताची पकड आवळत होते. आवळले की पाने गठ्ठ्यागठ्ठ्याने सरकतात आणि पंखा फणीचे दात मोडल्यासारखा दिसतो. सैल सोडले की सगळा कॅट मांडीवर. ह्या दोहोंच्या मधली पकड कोणाला शिकवता येत नाही. ती बोटांनाच सापडावी लागते. नातवाने मग निम्मीच पाने दिली. सव्वीस जमली, मग चाळीस, मग बावन्न. बावन्न पानांत एकावन्न फटी असतात. अर्धे वर्तुळ पुरे करायचे तर प्रत्येक फटीच्या वाट्याला जेमतेम साडेतीन अंश येतात. एवढ्या बारीक मापाचे काम हा मोडका अंगठा करू लागला, ह्याचे मला आजही नवल वाटते.

पानांचेही काही गुण असतात. ब्रिजचे पान 57 मिलिमीटर रुंद आणि पोकरचे सुमारे 63; आपल्या लहान हातांना ब्रिजचे बरे. चांगल्या कागदी पानावर बारीक खळगे उठवलेले असतात. त्यांत हवा राहते आणि पान पानावरून घसरते. पावसाळ्यात हीच पाने दमट होऊन पापडासारखी चिकटतात. हाताला तेल असेल तर पंखा विसराच. जादूगार मंडळी पानांना झिंक स्टिअरेट नावाची भुकटी चोळतात. मी हात धुऊन कोरडे करते, तेवढे पुरते.

नातवाने मला कार्डिनी नावाच्या जादूगाराचे सांगितले. हा 1895 साली वेल्समध्ये जन्मला. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या थंडीत हातमोजे घालूनच तो पत्त्यांचा सराव करी, असे सांगतात. पुढे रंगभूमीवर पांढरे हातमोजे घालून तो हवेतून पंख्यामागून पंखे काढी. मला वाटले, त्याला मोजे आडवे आले नाहीत, तर मला आखडलेली बोटे का यावीत?

एका दुपारी दार नीट लोटले गेले नव्हते. पंखा पुरा उलगडला आणि मान वर केली, तर उंबऱ्यात आई. माझ्या हातात बावन्न पाने, आणि पासष्टाव्या वर्षी मी लहान मुलीसारखी घाबरले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग विचारले, "पैसे लावून नाही ना?"

"नाही गं आई. हाताचा व्यायाम आहे."

ती सावकाश येऊन पलंगावर बसली. म्हणाली, "पुन्हा कर बघू."

मी पुन्हा केला. मग नातवाने शिकवलेली एक गंमत दाखवली. आपल्या नेहमीच्या पानांवर आकडे दोनच कोपऱ्यांत असतात. म्हणून पंखा उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे उलगडला, तर आकडे झाकले जातात आणि पुढचे एक पान सोडून बाकी सारी कोरी दिसतात. आईने पुढे वाकून पाहिले. एका पानाच्या कडेवरून बोट फिरवले. साठ वर्षांत तिने पत्त्याला हात लावला नव्हता. म्हणाली, "त्यांना एवढेच करता आले असते, तर बरे झाले असते."

वडिलांविषयी ती इतके मोकळे कधी बोलली नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही दोघी पुष्कळ बोललो. ते इथे सांगायचे नाही.

हात पूर्वीसारखा झाला नाही. थंडीत मनगट दुखतेच. पण लाटणे फिरते आणि आईची वेणी मीच घालते. भगिनींनो, जुगाराची बाजू घ्यायला मी उभी राहिलेले नाही. त्याने काय जाते ते मी पाहिले आहे. पण वय झाले, हात मोडला, आता नवे काय शिकायचे, असे आपण म्हणतो, त्याला माझ्यापुरते हे उत्तर आहे. भाषणानंतर ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सतरंजीवर बसावे. मी दोन कॅट आणले आहेत. हात तेवढे कोरडे करून या.