दाराला कुलूप की हाताला काम?

आजचा विषय घरातूनच सुरू होतो.

आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं. डिमेन्शिया झाल्यावर आम्ही त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. रोज संध्याकाळी ते उठायचे आणि म्हणायचे, "चला, गुरं बांधायचीत." दोनदा तर थेट रस्त्यावर गेले. मी पडलो इंजिनिअर. दाराला सेन्सर लावला, मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं. आप्पा कुठे आहेत ते कळायला लागलं, पण ते दिवसभर नुसते खुर्चीत बसून. संध्याकाळी पुन्हा तेच भांडण.

शोधता शोधता मला नेदरलँड्समधल्या 'केअर फार्म'बद्दल कळलं. तिथं अशी हजाराहून जास्त शेतं आहेत. बौद्धिक अपंगत्व असलेले, मानसिक आजारातून सावरणारे, वयस्कर, असे वेगवेगळे लोक तिथं येतात. बहुतेक जण दिवसभर थांबून घरी जातात. काही शेतांवर मात्र डिमेन्शिया झालेली माणसं कायमची राहतात, नर्सिंग होमऐवजी.

तिथं मोठे वॉर्ड नसतात. थोडी माणसं एकत्र राहतात, घरासारखी. कोंबड्यांना दाणे टाकायचे, अंडी गोळा करायची, बटाटे सोलायचे, अंगण झाडायचं. ज्याला जे जमेल ते. कुणाला नुसतं बाकावर बसून गाई बघायच्या असतील, तरी चालतं. शिकलेला स्टाफ असतोच, पण तोही सोबत काम करतो.

हे का जमतं? अल्झायमरमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बिघडतो, म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण हाताला लागलेली सवय मेंदूच्या दुसऱ्या भागांत असते आणि ती बरीच टिकते. नातवाचं नाव विसरलेला माणूस दोरीला गाठ बरोबर मारतो.

मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा शेतांची नेहमीच्या नर्सिंग होमशी तुलना केली. शेतावरची माणसं जास्त वेळ बाहेर असतात आणि कामात जास्त भाग घेतात, असं दिसलं. आता एक खरं सांगतो. यानं आजार बरा होत नाही. शेवटच्या टप्प्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोंबड्यांचा काय उपयोग? शिवाय तिथं दीर्घकालीन काळजीसाठी सरकारी व्यवस्था आहे. आपल्याकडे साठीच्या पुढचे अंदाजे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगतात आणि बहुतेकांचा भार घरच्यांवर, त्यातही सुना-मुलींवर पडतो. "गावाला शेत आहे, तिकडेच ठेवा," असं म्हणणं सोपं आहे. पण उघडी विहीर, फवारणीची औषधं, आणि सांभाळणारं कोण?

म्हणून आम्ही छोटं काहीतरी केलं. आईनं आप्पांपुढे मेथीची जुडी ठेवली. पाच वाजता मी त्यांना अडवायचं सोडलं आणि म्हणालो, "चला आप्पा, मीपण येतो." सोसायटीला एक चक्कर मारायची, कुंड्यांना पाणी घालायचं, परत यायचं. कधी निवडलेली मेथी आणि देठं एकत्रच व्हायची. आई गुपचूप पुन्हा निवडायची. भांडणं संपली नाहीत, पण कमी झाली.

घड्याळ अजून त्यांच्या हातावर आहे, खिशात पत्त्याचं कार्डही आहे. ते लागतंच. पण तुमच्या घरी कुणी असं विसरायला लागलं असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मग विचारा, यांच्या हाताला कोणतं काम येत होतं?